साहेबाचे ओटे : विजयदुर्गावरील १८९८ चे ग्रहणचित्रण आणि कॅमेऱ्याच्या आधाराचा इतिहास

प्रास्ताविक

छायाचित्रणाचा व चित्रपटाचा इतिहास लिहिताना कॅमेऱ्याचे नाव नोंदविले जाते. तो कोणी मागविला, त्याला किती किंमत पडली, हेही आवर्जून सांगितले जाते. परंतु तो कॅमेरा कशावर उभा होता, याची नोंद क्वचितच आढळते. तिपाई, चौथरा, लांब भिंगाला दिलेला टेकू, फितीची पेटी, यंत्राला सूर्यामागे फिरविणारी घड्याळी रचना या साऱ्या गोष्टी ‘उपसाधने’ या एका शब्दात गुंडाळल्या जातात. वस्तुतः कोणते चित्र मिळणार आणि कोणते हातून निसटणार, याचा निर्णय पुष्कळदा याच उपसाधनांनी केलेला असतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांत आज सुट्या भागांचा डिजिटल सिने-कॅमेरा घेण्याचा विषय निघतो, तेव्हा खरेदी समितीपुढे येणाऱ्या दरपत्रकांत कॅमेऱ्याची मूळ पेटी सर्वांत वर असते आणि तिपाई, सांगाडा, दांड्या, विद्युतघट इत्यादी शेवटच्या ओळीत ‘इतर साहित्य’ म्हणून असतात. अनुदान संपते ते बहुधा या शेवटच्या ओळीच्या आधीच. परिणामी उत्तम पेटी आणि डगमगती तिपाई अशी जोडी अनेक प्रयोगशाळांत पाहावयास मिळते. प्रस्तुत लेखात या शेवटच्या ओळीचा इतिहास पाहावयाचा आहे, आणि त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, विजयदुर्ग किल्ल्यावर असलेल्या काही ओट्यांपासून आरंभ करावयाचा आहे. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हे ओटे दुर्बिणीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांना कॅमेऱ्याचे ओटे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

साल कोणते?

ओट्यांविषयीची रूढ कथा अशी की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावर दुर्बीण लावली आणि सूर्यावरील हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. गेल्या काही दशकांत १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियमचे स्मरण करण्याचा प्रघातही पडला आहे. सहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच हकीकत सांगितली जाते.

या कथेतील स्थळ खरे, व्यक्ती खरी, ग्रहणही खरे. घोटाळा आहे तो सालाचा. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. त्या वेळी ते लंडनमध्ये युद्धखात्यात नोकरी करीत होते आणि फावल्या वेळात सूर्याचे निरीक्षण करीत होते. त्यांनी मागविलेला वर्णपटदर्शक त्यांच्या हाती पडला तोच मुळी १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्यांनी लंडनमधून पाहिला. ग्रहण प्रत्यक्ष पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन हे आंध्रातील गुंटूर येथे होते. ग्रहणाविना ज्वाला पाहण्याची युक्ती त्यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली ती त्यानंतर, आणि पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

१८६८ च्या ग्रहणाची छाया दख्खनवरून गेली हे निर्विवाद आहे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, तर गुंटूर येथे मेजर टेनंट वेध घेण्यासाठी थांबले होते. परंतु लॉकियर हिंदुस्थानात प्रथम आले ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, आणि तेही केरळच्या उत्तर टोकाला असलेल्या बेकल किल्ल्यावर. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध येतो तो त्याहीनंतर २६ वर्षांनी, शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी. त्या मोहिमेचा विस्तृत वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला असून त्यात ‘विझियाद्रुग’ असा नामोल्लेख आहे. लॉकियर यांच्यासोबत कॅप्टन चिझम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर यांची नावे त्या वृत्तांतावर आहेत.

सालाची ही दुरुस्ती किल्ल्याचे महत्त्व कमी करणारी आहे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. १८६८ मध्ये डोळ्याने पाहणे हे मुख्य साधन होते. १८९८ मध्ये मुख्य साधन कॅमेरा होते. ओट्यांना १८९८ मध्ये ठेवले की ते कोणत्या यंत्रांसाठी व का बांधले गेले असावेत याचा उलगडा होऊ लागतो.

युद्धनौका आणि लोलक

खग्रास अवस्था विजयदुर्गावर सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. एवढ्या दोन मिनिटांसाठी इंग्लंडहून यंत्रे पेट्यांत भरून आणावयाची, अनोळखी जागी जुळवावयाची आणि काम झाल्यावर पुन्हा सोडवावयाची. आजच्या चित्रीकरण पथकाचे काम याहून तत्त्वतः वेगळे नाही. फरक इतकाच की ग्रहणाला दुसरा ‘टेक’ नसतो.

लॉकियर यांनी किनाऱ्यावरील किल्ला निवडला, यामागे दळणवळणाचे कारण होते. १८९६ च्या ग्रहणासाठी ते नॉर्वेला गेले, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या ‘व्होलाज’ या नौकेवरील खलाशांना त्यांनी यंत्रे हाताळण्यास शिकविले होते. ऐन वेळी ढग आल्याने तेथे हाती काही लागले नाही, तरी ही पद्धत त्यांच्या मनात पक्की बसली. विजयदुर्गला ‘मेलपोमीन’ ही युद्धनौका आली. चिझम-बॅटन हे तिचे कप्तान होते. ग्रहणाआधीचे दिवस खलाशांकडून सराव करून घेण्यात गेले. कोणी कोणती काच केव्हा बसवावयाची, झाकण केव्हा काढावयाचे, हे कवायतीसारखे पाठ करून घेण्यात आले.

खलाशी या कामास योग्य का ठरावेत, याचे उत्तर त्यांच्या रोजच्या कामात आहे. दोर, कप्प्या, डोलकाठ्या यांच्या साहाय्याने जड वस्तू उचलणे, त्या हलणार नाहीत अशा आवळणे आणि काम होताच मोकळ्या करणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. चित्रपटसृष्टीत आज ‘रिग’ आणि ‘रिगिंग’ हे शब्द सर्रास वापरले जातात. हे शब्द मूळचे जहाजाच्या शिडादोरांचे आहेत, हे विजयदुर्गाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या आंग्र्यांच्या गुराबा व गलबते या वाघोटन खाडीच्या मुखाशी उभी राहत, त्यांच्या तांडेलांना हे शास्त्र शिकवावे लागले नसते.

मोहिमेतील प्रमुख यंत्रे म्हणजे सहा इंची व नऊ इंची लोलक-कॅमेरे. हे आकडे भिंगाच्या व्यासाचे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काचेचा मोठा लोलक बसविला की साधा कॅमेरा वर्णपट टिपणारे यंत्र बनतो. एरवी वर्णपट घेण्यासाठी बारीक फट लागते. परंतु खग्रास होण्याच्या क्षणी सूर्याची उरलेली कोर इतकी अरुंद असते की ती स्वतःच फटीचे काम करते. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेच्या जागी एकेक प्रकाशमान कमान पट्टीवर उमटते. पेटी तीच, भिंग तेच. पुढे जोडलेल्या एका उपसाधनाने यंत्राचा हेतूच पालटला. सुट्या भागांच्या कॅमेऱ्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मात्र या उपसाधनाची किंमत आधाराला मोजावी लागते. काचेचा लोलक जड असतो आणि तो यंत्राच्या अगदी पुढच्या टोकाला बसतो. त्यामुळे तोल पुढे जातो. दुसरे असे की लोलक प्रकाशाला वाकवितो, म्हणून नळी सूर्याकडे रोखून चालत नाही. ती तेवढ्या कोनाने बाजूला वळवावी लागते. जड, पुढे झुकलेले आणि भलत्याच दिशेला तोंड असलेले यंत्र सूर्याच्या गतीने सावकाश फिरवीत ठेवणे सोपे नाही.

त्यावर त्या काळी दोन उपाय प्रचलित होते. पहिला विषुववृत्तीय आरोहणाचा. यात यंत्राचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवतात. विजयदुर्गाचे अक्षांश साडेसोळा अंशांच्या जवळपास असल्याने तो आस क्षितिजाशी तेवढाच कोन करून उत्तरेकडे रोखलेला असावा लागतो. घड्याळी यंत्रणा त्या आसाभोवती संपूर्ण कॅमेरा फिरविते. दुसरा उपाय सिडेरोस्टॅटचा. यात कॅमेरा जमिनीला समांतर, स्थिर ठेवतात आणि त्याच्यापुढे एक आरसा घड्याळी यंत्रणेने फिरवून सूर्याचे किरण सतत भिंगात आणून सोडतात. याच जातीचा, पण चित्र स्वतःभोवती फिरू न देणारा सीलोस्टॅट हाही आरसा १८९५ नंतर ग्रहण मोहिमांत वापरात येऊ लागला होता.

दुसऱ्या उपायातील विचार आजच्या कॅमेरामननेही ध्यानात घ्यावा असा आहे. जे जड आहे ते हलवू नये. जे हलवावयाचे ते हलके ठेवावे. कॅमेरा कितीही मोठा असला तरी तो ओट्यावर निश्चल पडून राहतो, फिरतो तो फक्त आरसा. असे केले म्हणजे ओट्याचे कामही स्पष्ट होते. आरशाला व नळीला एकमेकांच्या संदर्भात तसूभरही सरकू न देणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. किल्ल्यावरील ओट्यांकडे या दृष्टीने पाहिले तर ते शोभेचे किंवा बसावयाचे चौथरे राहत नाहीत. ते यंत्राचाच एक भाग ठरतात. फक्त परत जाताना पेटीत भरता न आलेला.

जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा

त्याच दिवशी त्याच छायेच्या मार्गावर, कोकणातून घाट चढून गेल्यावर, सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ दुसरे शिबिर पडले होते. तेथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपली यंत्रे घेऊन आले होते. एतद्देशीय प्राध्यापकाने चालविलेली ही मोहीम स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे मात्र त्यांच्या शेजारी उतरलेल्या, अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या मोहिमेकडे वळावयाचे आहे. तिचे प्रमुख होते डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल, आणि त्यांच्याजवळ चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता.

चाळीस फूट म्हणजे सुमारे बारा मीटर. एवढी लांब नळी जहाजाने, मग आगगाडीने आणावयाची कशी? याचे उत्तर असे की नळी आणलीच नाही, निदान कठीण वस्तू म्हणून तरी नाही. या कॅमेऱ्याची कल्पना शेबर्ले या त्याच वेधशाळेतील शास्त्रज्ञाची, आणि १८९३ मध्ये चिली देशात तो प्रथम वापरला गेला. पाच इंच व्यासाचे भिंग एका मनोऱ्यावर बसवावयाचे, काचपट्टी खाली जमिनीजवळ ठेवावयाची, आणि दोहोंमधील अंतर प्रकाशरोधक कापडाने झाकावयाचे. कापडाला भार पेलावयाचा नाही, फक्त अंधार धरावयाचा आहे. भिंग, कापडी नळी, पट्टीची गाडी आणि मनोरा हे चारही भाग सुटे, आणि प्रत्येकाचे काम वेगळे.

कॅमेरा सूर्यामागे फिरविण्याचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण बारा मीटरचे यंत्र फिरविणे अशक्यप्राय होते. म्हणून पट्टीच हलविली. एका छोट्या रुळावर घड्याळी यंत्रणेने ती सरकत राहते. किती सरकावी लागते, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या साधारण शंभरावा ते एकशेदहावा भाग असतो. चाळीस फुटी भिंगात ही प्रतिमा सुमारे साडेचार इंच होते. आकाशात सूर्य दोन मिनिटांत जवळपास आपल्या व्यासाइतका सरकतो. म्हणजे जेऊरच्या खग्रास अवस्थेत प्रतिमा पट्टीवर सुमारे चार इंच वाहून गेली असती. हलणारा भाग मात्र केवळ पट्टी व तिची गाडी.

वाऱ्याचा बंदोबस्त त्याहून शहाणपणाचा होता. भिंग आतील मनोऱ्यावर आणि कापडी नळी बाहेरील मनोऱ्यावर, अशी दोन्ही आधारांची फारकत केलेली होती. वाऱ्याने कापड फडफडले तरी त्याचा धक्का भिंगापर्यंत पोचत नसे. कॅमेऱ्याला काय काय जोडावे हा प्रश्न सर्वच विचारतात. कॅमेऱ्याला काय चिकटू देऊ नये, हा प्रश्न जेऊरला विचारला गेला.

विजयदुर्ग आणि जेऊर यांची तुलना करताना एक गोष्ट जाणवते. दोन्ही ठिकाणची सामग्री ही त्या ठिकाणी पोचण्याच्या वाटेने ठरविली. एकीकडे युद्धनौका, तिची मनुष्यशक्ती आणि सागरी वारा. दुसरीकडे रेल्वे, मोकळे माळरान आणि मोजकी माणसे. मुंबई इलाख्यात १८९६ पासून प्लेगचा कहर चालू होता, याचाही विसर पडू नये. यादीतील प्रत्येक पेटी कोणत्या मार्गाने, कोणाच्या खांद्यावरून जाणार आहे, हे ठरल्याखेरीज यादी पुरी होत नाही.

हलत्या चित्राचा प्रयत्न

लॉकियर यांच्या विजयदुर्ग शिबिरात चलत्चित्र घेणारी यंत्रेही होती, आणि ती लॉर्ड ग्रॅहम यांच्याकडे सोपविली होती. हेच पुढे मॉन्ट्रोजचे सहावे ड्यूक झाले. संपूर्ण सूर्यग्रहणाचे पहिले चलत्चित्र घेण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. गंमत अशी की काही चरित्रपर नोंदींत या चित्रणाचे साल १८९९ असे आढळते. परंतु १८९९ मध्ये खग्रास सूर्यग्रहण झालेच नाही. ओट्यांच्या वाट्याला आलेला सालाचा घोटाळा चित्रफितीच्याही वाट्याला आला म्हणावयाचा.

त्याच ग्रहणासाठी बिहारमधील बक्सर येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या पथकात नेव्हिल मॅस्केलिन हे व्यवसायाने जादूगार असलेले गृहस्थ चलत्चित्राचा कॅमेरा घेऊन आले होते. त्यांची फीत परतीच्या प्रवासात चोरीस गेली. दोन वर्षांनी, २८ मे १९०० रोजी, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ती फीत टिकली आणि २०१९ मध्ये तिचे पुनरुज्जीवन होऊन ती लोकांपुढे आली. या कामासाठी मॅस्केलिन यांना आपल्या कॅमेऱ्यास दुर्बिणीची खास जोडणी तयार करावी लागली होती.

ही जोडणी का लागली, हे समजून घेतल्यास विजयदुर्गावरील अडचणही समजते. ३५ मि.मी. फितीवर ५० मि.मी.च्या भिंगाने सूर्य टिपला, तर त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मि.मी. येते. प्रभामंडळाचा आकार दिसावयाचा, तर सूर्यबिंब निदान नऊ-दहा मि.मी. हवे, म्हणजे सुमारे एक मीटर नाभीय अंतराचे भिंग हवे. अशा भिंगापुढे त्या काळचा सिने-कॅमेरा फारच हलका होता. ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ सुमारे पाच किलो वजनाचा. एडिसनच्या अवजड, विजेवर चालणाऱ्या यंत्रापुढे त्याचा विजय झाला तो याच हलकेपणामुळे, आणि म्हणूनच ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलपर्यंत येऊ शकला. परंतु हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालविला जाई, सेकंदाला साधारण दोन फेरे. दांड्याचा प्रत्येक फेरा लाकडी तिपाईला हलका झोका देतो. जवळच्या दृश्यात तो खपून जातो. एक मीटरच्या भिंगात तोच झोका सूर्याला चौकटीत नाचवितो. अशा वेळी हलक्या कॅमेऱ्याला जड आधाराची गरज अधिकच भासते.

फितीचाही प्रश्न होता. सेकंदाला सोळा चित्रे या वेगाने एका सेकंदाला एक फूट फीत जाते. दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेला १२० फूट फीत लागणार. सिनेमॅटोग्राफच्या पेटीत तर सतरा मीटर, म्हणजे सुमारे ५६ फूटच फीत मावे. मोठी पेटी जोडली की वजन वाढते, वजन वाढले की तोल ढळतो, आणि तोल सावरण्यासाठी पुन्हा आधार पाहावा लागतो. उपसाधनांची ही साखळी आजही तशीच चालते.

जान्सेन यांनी हा प्रश्न याआधीच वेगळ्या रीतीने सोडविला होता. गुंटूरहून परतल्यावर काही वर्षांनी, १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी त्यांनी ‘छायाचित्र-पिस्तूल’ बनविले. त्यात एका चकतीवर ७२ सेकंदांत ४८ चित्रे उमटत. हे यंत्र जागेवर स्थिर ठेवून आरशाने त्यात सूर्यप्रकाश आणला जाई. चित्रपटाच्या पूर्वेतिहासात या यंत्राचे नाव घेतले जाते. त्याच्यापुढील आरशाचे घेतले जात नाही.

मुंबई, कोल्हापूर आणि आजची पेटी

विजयदुर्गाच्या पुढील वर्षी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. त्यांचा रायले बनावटीचा कॅमेरा २१ गिनींना पडला होता. डिसेंबर १९०१ मध्ये कोकणचे सुपुत्र रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, त्या स्वागताचे चित्रणही त्यांनी केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये विल्यमसन कॅमेरा आणला, आणि बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतःच कॅमेरा बनविला. या सर्व हकीकती आपण कॅमेऱ्याच्या नावाने लक्षात ठेवतो. पेंटर यांच्या बाबतीत मात्र कारखान्याची जाण असलेल्या माणसाने यंत्र घडविले, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. जो स्वतः यंत्र बनवितो त्याला पेटी आणि आधार हा भेद फारसा करता येत नाही.

२००७ मध्ये ‘रेड वन’ हा डिजिटल सिने-कॅमेरा ग्राहकांच्या हाती पडू लागला. त्याची पेटी सुमारे साडेचार किलोची होती. २०२० मध्ये त्याच कंपनीचा ‘कोमोडो’ आला तो एक किलोहूनही हलका. प्रतिमा टिपणारी पेटी एका बाजूला आणि भिंग, दर्शकपडदा, विद्युतघट, हाताची मूठ, केंद्रीकरणाचे चाक हे सर्व वेगळे, अशी ही रचना आहे. पेटीभोवती छिद्रांचा धातूचा सांगाडा बसवितात. त्या छिद्रांतील पाव इंची स्क्रू, इंचास वीस आटे या मापाचा, हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी छायाचित्रणाचा वारसा आहे. पेटीखाली १५ मि.मी. जाडीच्या दोन दांड्या, मध्य ते मध्य ६० मि.मी. अंतरावर, सरकवितात आणि लांब भिंगाला त्यांवरून टेकू देतात.

येथे एक विरोधाभास निर्माण होतो. पेटी किलोभराची असली तरी सारी उपसाधने चढविल्यावर वजन पाहता पाहता चार-पाच किलोंवर जाते, म्हणजे १८९६ च्या सिनेमॅटोग्राफच्या आसपास. सव्वाशे वर्षांत जे हलके झाले ते पेटीपुरते. म्हणून ‘हलकी रचना’ याचा अर्थ हलक्या वस्तू विकत घेणे असा करू नये; एखादी वस्तू मुळात लागते का, हे विचारणे असा करावा. दर्शकपडदा खांद्यावरील चित्रणात अटळ आहे, स्थिर मुलाखतीत तो पेटीवर असण्याचे कारण नाही. विद्युतघट मागे बसविल्यास पुढील भिंगाचा तोल सावरतो. तो वरच्या मुठीवर बसविणे ही तात्पुरती सोय खरी, परंतु तोल बिघडविणारी.

विजयदुर्गासारख्या ठिकाणी याची कसोटी लागते. तिन्ही बाजूंनी पाणी, तिहेरी तटबंदी, बुरुजावर अखंड वारा आणि खारी हवा. पायऱ्या चढून सामान न्यावयाचे म्हणून कार्बन तंतूची हलकी तिपाई सोयीची वाटते, आणि लोखंडासारखी ती गंजतही नाही. परंतु बुरुजावर पोचल्यावर, २०० मि.मी.चे भिंग लावून खाडीच्या मुखाशी येणारी होडी टिपू लागले, की तीच तिपाई वाऱ्याने थरथरते. उपाय साधा आहे. तिपाईच्या मध्यभागी मोकळी पिशवी अडकवावी आणि ती तेथीलच दगडांनी भरावी. वाहून न्यावयाचे ते हलके, जागेवर लागणारे वजन जागेवरचे. ‘मेलपोमीन’च्या खलाशांनी इंग्लंडहून ओटे आणले नव्हते. उतरताना दगड जेथून घेतले तेथेच ठेवावेत. किल्ला संरक्षित वास्तू आहे.

ओट्यांची साक्ष

ओटे कोणत्या ग्रहणाचे, हा वाद कागदपत्रांनी मिटत असला तरी ओट्यांना स्वतःची साक्ष देण्याची संधी अद्याप द्यावयास हवी, आणि ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून घेता येण्यासारखी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण दख्खनमध्ये सकाळचे. त्या वेळी सूर्य पूर्वेकडे होता, आणि दिवस ऐन पावसाळ्याचे. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण विजयदुर्गावर मध्यान्हाच्या थोडे नंतरचे. सूर्य दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे कललेला आणि क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंच, तर आकाश कोकणातील माघाच्या तोंडाशी असते तसे निरभ्र. विषुववृत्तीय आरोहणाचा ओटा असेल तर त्याची लांबी खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असावयास हवी. आरसा व स्थिर नळी यांची जोडी असेल तर दोन ओटे एका रेषेत, नळीच्या लांबीइतक्या अंतरावर आणि एकाच पातळीत सापडावयास हवेत.

मोजमाप करताना होकायंत्राच्या उत्तरेवर विसंबू नये. दुपारच्या सर्वांत आखूड सावलीवरून किंवा रात्री ध्रुवतारा पाहून खरी उत्तर काढावी. प्रत्येक ओट्याची लांबी, रुंदी, उंची, माथ्याचा उतार, माथ्यावरील खुंट्यांच्या किंवा बोल्टांच्या खुणा, दोन ओट्यांमधील अंतर आणि नंतरच्या डागडुजीचे थर यांची नोंद करावी, आणि ती रॉयल सोसायटीच्या वृत्तांतातील यंत्रांच्या वर्णनाशेजारी ठेवावी. हे काम जानेवारीतच केल्यास दुपारच्या सूर्याची उंची तीच मिळेल, जी त्या शनिवारी होती.